महागड्या कस्टम टॉर्चचा छंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कस्टम टॉर्च म्हणजे नेमकी कोणती टॉर्च?

तीन वेगवेगळ्या वस्तूंना हे एकच नाव सरसकट दिले जाते आणि किमतीवरून होणारे बरेचसे वाद तिथूनच सुरू होतात. कारखान्यात तयार झालेली, परंतु आतला एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला जाणारी वीज नियंत्रित करणारे सर्किट) किंवा रिफ्लेक्टर बदलून घेतलेली टॉर्च हा पहिला प्रकार असून तो तुलनेने स्वस्त आहे. लहान कार्यशाळांमध्ये मर्यादित संख्येने बनणाऱ्या टॉर्च दुसऱ्या प्रकारात मोडतात; हवाई बेटांमधील माउई येथे टायटॅनियमच्या टॉर्च घडवणारे डॉन मॅक्लीश, ज्यांना या क्षेत्रात ‘मॅकगिझ्मो’ म्हणून ओळखतात, किंवा ओक्लाहोमा सिटीची ‘ओक्लुमा’ ही त्यातील परिचित नावे आहेत. तिसऱ्या प्रकारात एकाच ग्राहकासाठी, त्याने निवडलेला धातू, नक्षी, एलईडी आणि सेलचा आकार धरून एकच नग बनवला जातो. पुढील उत्तरांमध्ये ‘कस्टम’ हा शब्द मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी वापरला आहे.

किंमत साधारण किती असते?

कॉन्व्हॉय किंवा सोफिर्नसारख्या चिनी कंपन्यांची भक्कम, रोजच्या वापराला पुरून उरणारी टॉर्च २० ते ४० डॉलरांमध्ये मिळते, तर छंदिष्टांमध्ये लोकप्रिय असलेली एमिसार डी-फोर ५० डॉलरांच्या आसपास पडते. लहान कार्यशाळेतील टायटॅनियमच्या टॉर्चसाठी मात्र ३०० ते ६०० डॉलर, म्हणजे आपल्याकडचे २५ ते ५० हजार रुपये मोजण्याची तयारी ठेवावी लागते आणि एकेरी नग किंवा दुर्मीळ जुने नमुने हजारो डॉलरांच्या घरात जातात. सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियर कंपनीचा हाताळणी खर्च यांत धरलेला नाही.

एवढे पैसे दिल्यावर उजेड तरी जास्त पडतो का?

नाही, अनेकदा कमीच पडतो. हे उत्तर ज्याच्या पचनी पडत नाही त्याने या छंदात पैसे न घातलेले बरे.

खिशात मावणाऱ्या टॉर्चचा उजेड एलईडीच्या तेजापेक्षा तिथे तयार होणारी उष्णता किती वेगाने बाहेर पडते यावर अधिक अवलंबून असतो. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो आणि ती उष्णता आधी एलईडीखालच्या तांब्याच्या चकतीत, तिथून टॉर्चच्या अंगात आणि शेवटी हातात व हवेत उतरते. ज्या टायटॅनियमसाठी आपण इतके पैसे मोजतो त्याचे नेहमी वापरले जाणारे ग्रेड ५ मिश्रण हे नेमके या कामात अत्यंत मंद आहे: टॉर्चसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रणाच्या तुलनेत ते सुमारे १/२५ इतकीच उष्णता वाहून नेते. परिणामी टायटॅनियमच्या टॉर्चचे डोके तापते, मागची बाजू थंड राहते आणि ड्रायव्हरला उजेड लवकर कमी करावा लागतो. समंजस कारागीर म्हणूनच टायटॅनियमच्या टॉर्चमध्ये काही शे लुमेनवर (लुमेन हे एकूण उजेडाचे एकक) समाधान मानतात.

खोक्यावरील आकडेही सावधपणे वाचावेत. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एफएल-१ या मानकानुसार लुमेनची मोजणी टॉर्च सुरू केल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत केली जाते, त्यामुळे तिसऱ्या मिनिटाला उजेड निम्म्यावर आला तरी खोक्यावरचा आकडा खोटा ठरत नाही. पल्ला म्हणून जे अंतर छापतात त्या अंतरावर उजेड केवळ ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याइतका उरलेला असतो. झोताची तीव्रता सांगणाऱ्या कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की तो पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेलाच्या टॉर्चचा छापील पल्ला २०० मीटर येतो, पण तेवढ्या अंतरावर समोर बैल आहे की म्हैस हे ओळखता येईलच असे नाही. सेल किती तास चालतो याचा आकडा तर उजेड मूळच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो.

मग पैसे जातात कुठे?

मुख्यतः यंत्रावरच्या वेळात. भोसरी, शिरोली किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या सीएनसी कारखानदाराला एकच नग करून द्याल का असे विचारून पाहावे, म्हणजे हे गणित लगेच कळते. प्रोग्रॅम लिहिणे, जॉब बांधणे, टूल लावणे आणि पहिले दोन-तीन तुकडे वाया घालवून माप जुळवणे या कामांना एका नगासाठी लागतो तेवढाच वेळ हजार नगांसाठी लागतो. तो खर्च हजारांत वाटला गेला की कळेनासा होतो आणि एकावर पडला की डोळ्यांत भरतो. त्यातून टायटॅनियम यंत्रावरही त्रास देते, कारण उष्णता वाहून न नेण्याच्या त्याच गुणामुळे कापताना सगळी आग टूलच्या धारेवर साचते, वेग कमी ठेवावा लागतो, टूल लवकर झिजते आणि निघणारा बारीक कीस पेट घेऊ शकतो.

याखेरीज ज्या गोष्टी छायाचित्रात दिसत नाहीत आणि हातात घेतल्यावर लगेच जाणवतात, त्यांचाही खर्च असतो. चौकोनी धाटणीचे आटे, मागचे झाकण फिरवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा लागणारा जोर, न दुखवता घट्ट पकड देणारे नर्लिंग, म्हणजे धातूवर कोरलेली खडबडीत नक्षी, बटण दाबताना येणारा ठाम प्रतिसाद, आणि रिफ्लेक्टरच्या बरोबर मध्यावर बसवलेला एलईडी, ज्यामुळे भिंतीवर पडणाऱ्या प्रकाशात काळे वर्तुळ किंवा डाग दिसत नाही. यांतील प्रत्येक गोष्ट स्वस्त टॉर्चमध्येही सुटी सुटी सापडते. सगळ्या एकत्र क्वचितच सापडतात.

माझ्या मते मात्र पैशांचे सर्वांत पटणारे कारण दुरुस्ती हे आहे. मॅक्लीश यांच्या टॉर्चचे डोके, अंग आणि मागचा भाग वेगळे होतात आणि आतला प्रकाशाचा संच बाहेर काढून नवा बसवता येतो, त्यामुळे एलईडी जुना झाला तरी धातू वाया जात नाही. हीच सोय कारखान्याच्या मालातही होती. शुअरफायर या कंपनीची ‘सिक्स-पी’ ही टॉर्च मूळची साध्या दिव्याची आणि ६५ लुमेनची. परंतु तिचा ‘पी-सिक्स्टी’ मापाचा दिवा काढून त्याच जागी बसणारे एलईडीचे संच निरनिराळ्या उत्पादकांनी बनवले, आणि जुन्या टॉर्च आजही त्यांवर चालतात. उलट अमेरिकेतील टूसॉनची एचडीएस सिस्टिम्स ही कंपनी टॉर्चचे आतील भाग राळेत बुडवून बंद करते. अशी टॉर्च आपटली तरी बिघडत नाही, मात्र बिघडलीच तर घरी उघडता येत नाही. यांपैकी काय हवे हे खरेदीपूर्वी ठरवावे, आणि कारागिराला ‘ही टॉर्च कशी उघडते?’ हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारावा. जो या प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाही त्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

कोणता धातू निवडावा?

वापरासाठी ॲल्युमिनियम. ते हलके आहे, उष्णता चांगली वाहून नेते आणि हार्ड ॲनोडायझिंग केलेल्या, म्हणजे ऑक्साइडचा कठीण थर चढवलेल्या आट्यांमधून वीज जात नसल्याने मागचे झाकण पाव फेरा सैल केले की टॉर्च चुकूनही लागत नाही. ही सोय उघड्या धातूच्या टायटॅनियम, तांबे किंवा पितळेच्या टॉर्चमध्ये सहसा नसते. खिशात आपोआप लागलेली तेजस्वी टॉर्च कापड जाळू शकते आणि मांडीला चटका देते, म्हणून हा मुद्दा दिखाऊ नाही.

तांबे उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या दुपटीहून सरस, पण त्याच मापाच्या टॉर्चचे वजन तिपटीहून अधिक होते. ती सदऱ्याच्या खिशात ठेवली तर खिसा लोंबतो आणि हाताला तांब्याचा वास लागतो. काही आठवड्यांत तिच्यावर तपकिरी, जांभळट छटा चढते. ती छटा ठेवावी की घासून काढावी, यावर या छंदात दोन तट आहेत. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने किंवा पितांबरीने लख्ख करण्याची सवय इतकी मुरलेली आहे की घरातील कोणीतरी ती टॉर्च एक दिवस घासून ठेवण्याची शक्यता गृहीत धरावी. घासायचीच असेल तर एलईडी, बटण आणि सेल आधी बाहेर काढावेत आणि आट्यांमध्ये चिंचेचा अंश राहू देऊ नये. कोकणच्या खाऱ्या हवेत तांबे हिरवे पडते, आणि तांबे व ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

टायटॅनियम गंजत नाही, हाताला थंडगार लागत नाही, आणि विजेचा दाब बदलून त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या थराची जाडी बदलली की कोणताही रंग न लावता निळा, जांभळा, सोनेरी असे रंग उमटतात. ते दिसते सुंदर. मात्र त्याचे आटे एकमेकांना चिकटून खरवडले जातात, म्हणून त्यांना वंगणाशिवाय फिरवू नये.

उजेडाच्या रंगाविषयी इतकी चर्चा का होते?

कारण एकदा फरक दिसला की तो न पाहिल्यासारखे करता येत नाही. स्वस्त टॉर्चचा निळसर पांढरा उजेड आकड्यांत मोठा असतो, पण त्यात गडद लाल रंग जवळजवळ नसतो. त्यामुळे माणसाची त्वचा निस्तेज दिसते, कोकणातील जांभा दगड मातकट भासतो आणि जखमेतून येणारे रक्त काळपट दिसते. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा निर्देशांक आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात, आणि गडद लाल रंगाचा आर-नाइन हा आकडा त्या सरासरीत धरलेलाच नसतो. म्हणून सीआरआय ९० च्या वर आहे एवढ्यावर न थांबता आर-नाइन विचारावा. जपानच्या निचिया कंपनीचे २१९बी आणि ५१९ए हे एलईडी याच कारणासाठी प्रिय आहेत. १९९३ मध्ये पुरेसा तेजस्वी निळा एलईडी बाजारात आणून आजच्या पांढऱ्या एलईडीचा पाया घालणारी हीच ती कंपनी. तिथे काम केलेले शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल अन्य दोघांसह मिळाले.

एवढे सांगून हेही सांगायला हवे, की हेच निचियाचे एलईडी २५-३० डॉलरच्या टॉर्चमध्येही मिळतात. उजेडाचा रंग हे चांगली टॉर्च घेण्याचे कारण आहे. महागडी घेण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

मोबाइलमध्ये टॉर्च असताना वेगळी कशाला?

मोबाइलचा उजेड पायापुरता असतो, आणि जी वस्तू संकटात फोन करण्यासाठी राखून ठेवायची तिचीच बॅटरी रात्रीच्या गडवाटेवर उजेडासाठी संपवणे शहाणपणाचे नाही. याचा अर्थ वेगळी टॉर्च हवी एवढाच होतो.

घरच्यांना ही खरेदी कशी पटवून द्यावी?

‘सुरक्षिततेसाठी घेतली’ असे सांगू नये. वीज गेली असताना घरातील सर्वांना कपाटातील ३०० रुपयांची टॉर्च सापडते आणि आपली टायटॅनियमची आपल्याच खिशात असते, हे सगळे जण पाहत असतात. ‘आयुष्यभर टिकेल’ हेही जपून सांगावे, कारण दुसरी घेतली की पहिल्या वाक्याची आठवण करून दिली जाते. पैठणीचा दाखला तर मुळीच देऊ नये: पैठणी समारंभात चारचौघांना दिसते, तिचे कौतुक घराला मिळते, आणि टॉर्चचे कौतुक करणारे चार लोक जगाच्या चार कोपऱ्यांत असतात.

जे टिकते ते स्पष्टीकरण साधे आहे. ही उपयोगासाठीची खरेदी नाही, छंदाचा खर्च आहे, तो घरखर्चातून, कर्जातून किंवा हप्त्यांवर केलेला नाही आणि त्यासाठी वर्षाला ठरवलेल्या रकमेबाहेर आपण जाणार नाही, असे आधीच, म्हणजे पार्सल दारात येण्यापूर्वी सांगावे. किंमत कमी करून सांगण्याची पद्धत या छंदात विनोदाने सांगितली जाते. कुरियरवाला सीमाशुल्काची पावती सासूबाईंच्या हाती देतो तेव्हा तो विनोद संपतो. आईने ‘एवढ्या पैशांत घरातले सगळे दिवे बदलून झाले असते’ असे म्हटले तर ते खरेच आहे हे मान्य करावे.

माझी स्वतःची कसोटी अशी आहे: जी टॉर्च आठवड्यातून अनेकदा हातात येत नाही ती विकावी. खोक्यात ठेवलेल्या टॉर्चचे समर्थन मला कधी पटलेले नाही, जरी असे संग्राहक माझे चांगले मित्र असले तरी.

टॉर्चची खरी गरज कोणाला असते?

शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते म्हणून मध्यरात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला. त्याला बांधावरचा साप दिसेल इतका पसरट उजेड, चिखलात पडली तरी चालणारे अंग आणि तालुक्याच्या बाजारात मिळणारा सेल हवा असतो. कस्टम टॉर्चच्या उपयुक्ततेविषयी बोलताना हा माणूस डोळ्यांसमोर असला की जीभ आपोआप आवरली जाते.

लिथियम-आयन सेल धोकादायक असतात का?

निष्काळजीपणे वापरले तर होय, आणि या एका बाबतीत काटकसर करू नये. १८६५० या आकड्यातच मापे आहेत: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. नामांकित कंपन्यांच्या या आकाराच्या सेलची क्षमता साधारणपणे ३५०० एमएएचपर्यंत असते; ९००० एमएएच छापलेला सेल खोटा समजून बाजूला ठेवावा. चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबले पाहिजे आणि सेल २.५ व्होल्टखाली उतरू देऊ नये. प्लास्टिकचे वेष्टन फाटलेला सेल टॉर्चमध्ये घालू नये, कारण त्या वेष्टनाखालचा संपूर्ण डबा ऋण टोक असतो आणि धातूच्या अंगाशी त्याचा संपर्क झाला तर शॉर्ट सर्किट होऊ शकते. सुटा सेल किल्ल्या व नाण्यांबरोबर खिशात ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. दोन सेल एकामागे एक लागणाऱ्या टॉर्चमध्ये एकाच कंपनीचे, एकाच वयाचे आणि सारखे चार्ज झालेले सेल घालावेत. कमी-जास्त चार्ज झालेल्या जोडीतील दुबळा सेल उलटा चार्ज होऊन फुटू शकतो, आणि बंद धातूच्या नळीत तो फुटला तर नळीच बाहेर फेकली जाते. बरेच दिवस वापर नसेल तर सेल निम्मा चार्ज करून बाहेर काढून ठेवावा.

टॉर्च विमानातून नेता येते का?

सुटे लिथियम सेल नेहमी केबिनमधील सामानात, टोके झाकून, प्लास्टिकच्या डबीत न्यावेत; एका १८६५० सेलची ऊर्जा सुमारे १२ ते १३ वॉट-तास असते आणि नेहमीची मर्यादा १०० वॉट-तास आहे. कडा धारदार किंवा दातेरी असलेली जड टॉर्च मात्र सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते, म्हणून सेल काढून तिचे रिकामे अंग चेक-इन सामानात टाकावे.

ट्रिटियमच्या नळ्या बसवून घ्याव्यात का?

अंधारात टॉर्च सापडावी म्हणून तिच्या अंगात बारीक काचनळ्या बसवतात. त्यांतील ट्रिटियम वायूच्या किरणोत्सारामुळे आतला लेप वर्षानुवर्षे मंद चमकत राहतो. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने साधारण तेवढ्या काळात चमक निम्मी होते. या वायूतून निघणारे बीटा कण काचेबाहेर पडण्याइतके शक्तिशाली नसतात, त्यामुळे अखंड नळीपासून धोका नगण्य आहे. तरीही पदार्थ किरणोत्सारी आहे आणि भारतात अशा पदार्थांचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करते. परदेशी कारागीर हौसेने भेट म्हणून नळ्या बसवून पाठवायला निघाला, तर त्याला आधीच थांबवावे आणि अंधारात चमकणाऱ्या साध्या लेपावर भागवावे.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

झाकणाखालच्या रबरी कड्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये. टॉर्च कोरड्या जागी उघडावी, कारण सह्याद्रीतील धुक्यात सेल बदलला तर दमट हवा आत कोंडली जाते आणि टॉर्च तापून निवल्यावर काचेच्या आतून बाष्प धरते. धरलेच तर घरी सेल काढून, झाकण उघडे ठेवून टॉर्च तांदळाऐवजी सिलिका जेलच्या डब्यात ठेवावी. तांदळाची पूड आट्यांत शिरते.

काजवे पाहायला जाताना टॉर्च न्यावी का?

न्यावी, पण तिचा अभिमान घरी ठेवून. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजव्यांची झाडे लुकलुकतात तेव्हा नर त्या लुकलुकण्यातून मादीला साद घालत असतो, आणि पांढऱ्या उजेडाचा झोत पडला की ती देवाणघेवाण थांबते. पायवाटेपुरता, जमिनीकडे वळवलेला मंद लाल उजेड पुरतो. शिवाय आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास अर्धा तास लागतो आणि एका झोतात ती मोडते. चांगल्या टॉर्चची ओळख अशा ठिकाणी तिच्या सर्वांत खालच्या पायरीवरून होते: एक लुमेनच्याही खाली, न थरथरता स्थिर राहणारा उजेड देता येणे हे ड्रायव्हरच्या दृष्टीने कठीण काम आहे, आणि महागड्या टॉर्चपैकीही सगळ्यांना ते जमत नाही.

ही गुंतवणूक ठरते का?

गुंतवणूक म्हणून घेऊ नये. काही मोजक्या कारागिरांच्या, उत्पादन थांबलेल्या टॉर्चना मूळ किमतीहून अधिक भाव मिळतो हे खरे, परंतु कोणाचे नाव टिकेल हे खरेदीच्या वेळी कोणालाही कळत नाही आणि खरेदीदार बहुधा परदेशात असतो. भारतातून विकताना टपालखर्च, सेलशिवाय पाठवण्याची अट आणि समोरच्याला त्याच्या देशात पडणारे शुल्क वजा करावे लागते. विकण्याची वेळ येऊ शकते हे धरून मूळ खोके, पावती, कारागिराशी झालेला पत्रव्यवहार आणि एलईडी किंवा ड्रायव्हर बदलला असेल तर काढलेला मूळ भाग जपून ठेवावा, आणि विकताना अंगावरचा प्रत्येक ओरखडा छायाचित्रात दाखवावा.